चौकोनाची वही

“एवढ्याशा कॅसेटीत त्या जुन्या खेळवाल्यांनी अख्खं राज्य बसवलं तरी कसं?”

चपला काढायच्या आधीच ओजसने विचारलं.

अत्तारचाचांनी हातातलं यंत्र बाजूला ठेवलं. मिरजेच्या बाजारातलं त्यांचं दुकान एकेकाळी व्हिडिओ गेमचं होतं. टीव्हीला जोडायची जुनी यंत्रं ते आता दुरुस्त करतात. आपण कुणीतरी व्हायचं आणि राज्यातून फिरायचं, असे खेळ घरच्या टीव्हीवर नवे होते तेव्हाच्या कॅसेटी त्यांच्याकडे अजून चालतात.

ओजस पुण्याहून आला होता. चार वर्षं खपून त्यानेही असाच एक खेळ केला होता. त्यातला राजपुत्र केसन्‌केस रंगवलेला. ओजसच्या शब्दावर अकरा जण चांगल्या नोकऱ्या सोडून आले होते. महिन्याने खेळ बाजारात जायचा होता. आणि ज्याला खेळायला द्यावा, तो तासाभरात खाली ठेवत होता.

चाचांनी कॅसेटवर फुंकर मारली, यंत्रात बसवली. पडद्यावर एक चौकोन आला. नुसता चौकोन.

“हा नायक?” ओजस हसला.

“हाच.” चाचांनी एक जाड वही आणि पेन्सिलीचा तुकडा पुढे सरकवला. “आधी लिही. कोण आहे, कुठून निघाला, कशासाठी. माझ्या दुकानाचा नियम आहे.”

“वही कशाला?”

“हे खेळ मुळात कागद-पेन्सिलीवरच खेळायचे, बेटा. टीव्हीत आले तेव्हा चौकोनापुरती जागा मिळाली. बाकीचं इथं ठेवायचं.”

“मी खेळ बनवतो, चाचा. असली पोरकट वही मला नको.”

तो न लिहिताच खेळायला बसला. किल्ल्याच्या दारातल्या राक्षसाने चौकोन गिळला. पुन्हा गिळला. सातव्या खेपेला ओजसने जांभई दिली.

“यात आहे काय?”

चाचांनी वही उघडली. पानोपानी पोरांची वेडीवाकडी अक्षरं. ‘दगडू. लोहाराचा. बहिणीला सोडवायला.’ ‘परवीन. घोडा आहे, दिसत नाही.’ खेळात जे मेले, त्यांच्यावर काट मारलेली.

म्हाताऱ्याचं मन राखायचं म्हणून ओजसने पेन्सिल उचलली. हात मात्र आपल्याच मनाने चालला. ‘वासुदेव. पोस्टमन. गारगोटीचा. डावा पाय अधू. पोराला पत्र द्यायला.’

वासुदेव हे त्याच्या वडिलांचं नाव. चार वर्षांत तो त्यांना दोनदा भेटला होता.

चौकोन निघाला. या वेळी हळू. झाडापाशी थांबला, पुलापाशी थांबला. किल्ल्याच्या दारात राक्षस उभा होता.

ओजसचा अंगठा बटणावर तसाच राहिला.

चाचांनी शेजारी ठेवलेल्या चहावर साय धरली...

“जा की पुढं,” चाचा म्हणाले.

“नको, चाचा. पळता नाही यायचं त्यांना. पाय अधू आहे.”

“चौकोनाला पाय?”

ओजसने लाजत बाहीने डोळे पुसले आणि लॅपटॉप उघडला.

“हा माझा राजपुत्र. महिना उरलाय. अकरा जण माझ्या तोंडाकडे बघताहेत. काय चुकलं, तेवढं सांगा.”

चाचांनी चष्मा लावला. केस पाहिले, पापण्यांची सावली पाहिली, गालावरचा व्रण पाहिला. राजपुत्राने स्वतःचं नाव, कूळ, वैर, प्रेम सगळं खणखणीत आवाजात सांगितलं, तेही शेवटपर्यंत ऐकलं.

“फार देखणा आहे.”

मग त्यांनी वहीचं कोरं पान काढलं. पेन्सिल हातात घेतली. राजपुत्राकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं, पुन्हा राजपुत्राकडे...

पान कोरंच राहिलं. चाचांनी पेन्सिल खाली ठेवली.

“याचं सगळं लिहून झालंय, बेटा. मी कुठं बसू?”