भागूच्या पदरातली पोथी

गोदाकाठच्या तांबुळवाडीत सहजनाथ महाराज मठ करून राहत असत, तेव्हाची ही गोष्ट. मठातल्या पाच-सहा विद्यार्थ्यांना त्रिंबकशास्त्री शिकवीत, आणि अंगण सारवायला रोज भागू येई. तान्ही मंजुळा पाठीशी बांधलेली, हात शेणात, कान पाठाकडे. सारवून झालं तरी ती एक कोपरा उगाच पुन्हा सारवी. तेवढाच एक श्लोक जास्त.

एकदा तिच्याकडे पाहून महाराज म्हणाले, "ही आमची अंतेवासी." शब्द कळला नाही, पण भागूला गोड लागला. तिनं तो पाणवठ्यावर सांगितला आणि तिथून तो शास्त्रीबुवांच्या कानी गेला.

"काय गं, अंतेवासी झालीस म्हणे?" विद्यार्थी खुदखुदले. "अगं, गुरूजवळ राहून विद्या घेतो तो अंतेवासी. शेणाच्या पाटीजवळ राहणारी नव्हे. उद्यापासून सारवायला दुसरी कोणी येईल."

भागूच्या मनात एकच आलं: उद्यापासून पाठ कानी पडणार नाही!

आश्विनातलं ऊन होतं. संध्याकाळी पारायणाची समाप्ती, म्हणून शास्त्रीबुवांनी पोथीची सुटी पानं अंगणात वाळत मांडली होती. पानांवर आकडे नव्हते. "मला कशाला लागतात?" असं ते म्हणत. इतक्यात वावटळ उठली आणि अख्खी पोथी चिमण्यांच्या थव्यासारखी उडाली. विद्यार्थी धावले, शास्त्रीबुवा धोतर सावरत धावले. एकही पान हाती लागेना.

महाराज ओसरीवर शांत होते. म्हणाले, "भागू, पदर पसर बाळ."

तिनं पदर पसरला. वारा माघारी वळला, आणि कोंबडीच्या पंखाखाली पिल्लं शिरावीत तशी पानं येऊन पदरात बसली. शास्त्रीबुवांनी ती चाळली. ओवीला ओवी लागत होती. फक्त शेवटचं पान नव्हतं.

ते मंजुळेच्या मुठीत होतं. हाती येईल ते फाडणारी पोर, पण पानाला सुरकुतीही नव्हती. शास्त्रीबुवांनी हात पुढे केला, ती देईना.

महाराज हसले. "शब्दाचा अर्थ तुम्ही बरोबर सांगितलात, शास्त्रीबुवा. पण तुम्ही माझ्या शेजारी बसता आणि मन मानपानात फिरतं. हिचं मन पाठ सोडून कधी कुठं गेलं नाही. मग जवळ कोण राहिलं?"

शास्त्रीबुवांनी भागूपुढे सारवलेल्या भुईवर डोकं टेकलं. उठले तेव्हा कपाळाला शेण लागलं होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

"भागूबाई, उद्या या," ते म्हणाले. "आणि तो कोपरा खुशाल दोनदा सारवा."

मंजुळा त्यांच्या कपाळाकडे बघून खदखदून हसली, आणि तिची मूठ सुटली.