मालगुजारांचं जनावर

ताईला शेवटी फार दुखलं का? मला कुणीच सांगितलं नाही.

नांगरटीनंतर आमच्या वावरात डायनासोरचे दगड झालेले दात सापडायचे. शेवंताताई ते वेचून डब्यात जपायची. एकदा नीलकंठराव मालगुजार दारात आले.

"पूर्वी सगळा गाव आमचा होता. म्हणजे ते जनावरही आमचंच. आण दात!"

ताईनं डबा पुढे केला. "घ्या ना, मालक. पण मेलेलं जनावर ज्याचं, त्यानंच उचलायचं असतं. बाकीचं धूड आमच्या वावराखाली आहे. तेही आजच उचला."

मालगुजार डबा न घेताच परतले. मी पोट धरून हसलो, पण तिला शाबासकी द्यायची राहून गेली.

परवा ताई तापानं गेली. काका म्हणाले, "तू लहान आहेस, खांदा देऊ नकोस."

"ती माझी आहे," मी म्हणालो, आणि तिला उचललं.