वस्तादांचा एक शब्द

नदीकाठच्या एका गावात एक नावाजलेली तालीम होती. एका शनिवारी सकाळी तिथे नेहमीसारखी कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती उकरायचं काम चाललं होतं. पोरं खोरी चालवत होती. कुणी हळद टाकत होतं, कुणी तेल ओतत होतं. ताकाची घागर तेवढी यायची होती. म्हातारे शिदोजी वस्ताद कट्ट्यावर बसून माती हाताने चाळून बघत होते.

शिदोजी भला माणूस होता. पोटचं पोर नव्हतं, म्हणून तालमीतली सगळी पोरं त्यांचीच होती. कुस्तीत कुणाची मान किंवा हात भलत्या पेचात अडकला की ते कट्ट्यावरूनच म्हणायचे, "सोड!" कितीही चिडलेला गडी असो, त्याची पकड जागच्या जागी सुटायची. गावात म्हणत, वस्तादांचा 'सोड' ऐकला तर नदीतली मगरसुद्धा पाय सोडील.

ताकाची घागर घेऊन गजराबाई गवळण आली. ताक मातीत ओतलं, पण ती गेली नाही.

"काय गं, सत्तू कसा आहे?" शिदोजींनी विचारलं. सत्तू तिचा नातू. दोन महिन्यांपूर्वी तो तालीम सोडून गेला होता. जाताना हौद्यातली माती कपाळाला लावायची रीत होती, तीही त्याने पाळली नव्हती. "गवळ्याला म्हशीच बऱ्या," असं शिदोजी तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले होते.

"त्याचंच सांगाया आलेय, वस्ताद," गजराबाई हळू आवाजात म्हणाली. "त्यो कुस्तीला भ्याला न्हाई. तुमच्या अंकुशला भ्याला. मागल्या खोलीत कोंडून मारतो त्यो पोरास्नी. पाठीवर वळ हायेत सत्तूच्या. घरी बोललास तर नरडं दाबीन म्हणतो."

अंकुश म्हणजे शिदोजींचा पट्टशिष्य. आता तोच पोरांना शिकवायचा. यंदाच्या जत्रेत चांदीची गदा तोच आणणार, असं सगळं गाव धरून चाललं होतं.

शिदोजींनी हातातली माती परत हौद्यात टाकली. मग तालमीत पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं. "गजराबाई, मातीत झालेलं मातीत मुरतं."

"ताक मुरतं, वस्ताद," ती म्हणाली. "पोराचं दुखणं मुरत न्हाई." आणि रिकामी घागर काखेत मारून निघून गेली.

शिदोजींना जेवण गेलं नाही. संध्याकाळी ते पाटलांकडे गेले. तालमीचा कारभार पाटील बघत. पाटलांनी सगळं ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि म्हणाले, "जत्रा बारा दिवसांवर आली आहे. आत्ता बोभाटा झाला तर गदा गेली आणि गावाची अब्रूही गेली. जत्रा होऊ द्या, मग मी बघतो. तुम्ही मला सांगितलंत ना? मग तुमचं काम झालं."

शिदोजींना हलकं वाटलं. खोटं कशाला बोला, त्यांना बरंच वाटलं. अंकुशला त्यांनी लहानपणी आपल्या ताटात जेवू घातलं होतं. त्याच्याकडे बोट दाखवणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी ते तालमीत विसरलेला पंचा न्यायला आले. हौदा मोकळा होता. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून आधी अंकुशचा दबका आवाज आला आणि मग एका पोराचं कण्हणं.

शिदोजींचा हात दारापर्यंत गेला. मनात आलं, पाटलांना सांगितलं आहे. मनात आलं, आठच दिवस राहिलेत. ते मोठ्याने खोकले. आतलं सगळं एकदम शांत झालं. थांबलं बहुतेक, असं स्वतःला सांगून त्यांनी पंचा खांद्यावर टाकला आणि ते घराकडे वळले.

जत्रा झाली. अंकुशने गदा जिंकली. गावाने त्याला खांद्यावर घेतलं, हलगी कडाडली, गुलाल उडाला. मिरवणूक चावडीपाशी आली तेव्हा शिदोजींना कडेला सुताराचा म्हादू उभा दिसला. तालमीत येणारा बारा वर्षांचा पोरगा. डावा हात गळ्यात बांधलेला, खांदा एका बाजूला झुकलेला.

"काय रे म्हादबा, किती दिवस दिसला नाहीस. कुठं पडलास?"

"चिंचंवरनं," म्हादू म्हणाला. मग त्याने वस्तादांकडे नीट पाहिलं. "न्हाई वस्ताद. चिंचंवरनं न्हाई. त्या दुपारी तुम्ही खोकला न्हवं का? मला वाटलं, सुटलो. अंकुशदादानं हात सोडला बी हुता."

"मग?"

"मग तुमच्या वहाणा वाजत वाजत लांब गेल्या."

 पुढचं विचारायची गरज उरली नव्हती.

शिदोजी मिरवणुकीच्या पुढे जाऊन उभे राहिले. त्यांनी हलगीवर हात ठेवला. अंकुशला खाली उतरवायला लावलं. गजराबाईने काय सांगितलं, पाटील काय म्हणाले आणि आपण खोलीबाहेरून कसे परत फिरलो, ते सगळं त्यांनी भर चावडीसमोर सांगितलं. अंकुशचा हात धरून त्याला स्वतः फौजदाराच्या ताब्यात दिलं. त्याच सांजेला मागच्या खोलीचं दार बिजागरीसकट उखडून काढलं. मग ते गवळवाड्यात गेले आणि सत्तूपुढे हात जोडून उभे राहिले. सत्तू म्हशीच्या आडून बाहेर आला नाही.

पाटील समजूत घालायला आले. "वस्ताद, तुम्ही तर मला वेळेवर कळवलं होतंत. एवढं मनाला लावून कशाला घेता?"

"कळवलं होतं, पाटील," शिदोजी म्हणाले. "पण दाराबाहेर मी उभा होतो. तुम्ही नव्हतात."

गावाने त्यांना टाकलं नाही. आया अजूनही पोरांना त्यांच्या पायावर घालतात. गजराबाई अजूनही शनिवारी ताक आणते. पण वस्तादांनी कट्टा सोडला आणि ते पोरांमध्ये खाली मातीत बसू लागले. म्हादू कधीकधी त्यांच्याशेजारी येऊन बसतो, दुसऱ्यांच्या कुस्त्या बघतो. हाडवैद्याने खूप खटपट केली, पण त्याचा खांदा काही सरळ झाला नाही.

हजार वेळा जो शब्द शिदोजी सहज म्हणाले होते, तो त्या दुपारी दाराबाहेरून म्हणायचा राहून गेला.

तात्पर्य: ज्याच्या शब्दाने अन्याय थांबू शकतो, त्याने तो वरच्याला कळवला म्हणजे त्याचं कर्तव्य संपत नाही; आपल्या आसऱ्याला असलेल्या लेकरासाठी दार आपणच उघडायचं असतं, आणि तेही त्याच वेळी.