करंजाखालच्या अकरा झोळ्या

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट, आपल्या शाळेला एकच खोली होती तेव्हाची. मी सांगते तशी ऐका, पण सगळ्यावर विश्वास ठेवू नका. मीही ठेवत नाही.

तेव्हा मजुरांच्या मुली शाळेत यायच्या त्या कडेवर तान्हं भावंड घेऊनच. आई खुरपायला गेली की बाळ सांभाळणार कोण? बाळ रडलं की मास्तर मुलीला बाहेर काढायचे. हौसा नावाची एक पोर तर निम्मं वर्ष दाराबाहेरच बसली. मास्तर तिला मठ्ठ म्हणायचे. बापानं बजावलं होतं, यंदा चौथी पास झाली नाहीस तर शाळा बंद, खुरपं हातात.

शाळेसमोरच्या करंजाखाली धुरपा नावाची म्हातारी घायपाताचे दोर वळत बसायची. राहायची गावकुसाबाहेर, एकटी. एक दिवस ती हौसाला म्हणाली, "आण त्याला हिकडं, अन् तू आत जाऊन बस."

तिनं फांदीला झोळी बांधली. आठवड्याभरात अकरा झोळ्या झाल्या. सगळ्यांना मिळून एकच दोर, त्याचं टोक तिच्या पायाच्या अंगठ्याला. हात दोर वळायचे, पाय झोके द्यायचा. आणि अकरांतलं एकही बाळ रडायचं नाही, असं म्हणतात.

इथंच गावाच्या मनात पाल चुकचुकली. कामाला जाताना तान्ह्याला अफूचं बोट चाटवायचं, हे त्या काळी घरोघर चालायचं. आपण जे करतो त्याचाच संशय माणसाला आधी येतो. त्यात धुरपाजवळ एक मातीचं परळ असायचं, फडक्यानं झाकलेलं. त्यात बोट बुडवून ती बाळांच्या तोंडात द्यायची. बायका येता-जाता पोरांच्या पापण्या उघडून बघू लागल्या, तोंडाचा वास घेऊ लागल्या. एकीनं सांगितलं, त्या बाळांची सावली पडत नाही. आता करंजाच्या सावलीत कुणाची पडणार?

परीक्षेला पंधरा दिवस असताना आवडाबाई पाटलीण चार बाया घेऊन आली आणि झोळ्या सोडायला लागली.

"धुरपे, अफू चारतीस व्हय गं पोरांस्नी?"

"चाखून बगा की, पाटलीणबाई," धुरपा म्हणाली.

चाखतंय कोण? एकीला अफूची भीती, दुसरीला धुरपाच्या हातचं चालत नव्हतं. तेवढ्यात हौसा वर्गातून धावत आली. झोळी सुटली तर आपली शाळाही सुटली, एवढं तिला कळत होतं. तिनं परळ उचललं आणि शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकलं.

मग काय, सगळा गाव तिला घेरून बसला. आत्ता झोपेल, मग झोपेल. जागी आहे हे दाखवायला हौसा पाढे म्हणू लागली. पाढे संपले, मग कविता, मग भूगोल, दाराबाहेर बसून ऐकलेलं सगळं. ऊन कलेपर्यंत ती थांबली नाही. एकोणतिसाच्या पाढ्यात एकदाच अडखळली, तेव्हा झोळीतल्या तान्ह्यानं पुढचा आकडा सांगितला, असं म्हणतात. मास्तर तोंडात बोट घालून उभे राहिले.

"येवढं येत हुतं, तर वर्गात गप का असायचीस गं?" पाटलीणबाईनं विचारलं.

"आज पोटात काईतरी हाय," हौसा म्हणाली.

परळात नाचणीची आंबील होती, धुरपाच्या दुपारच्या जेवणाची. रोज ती बाळांना चाटवण्यातच संपायची, आणि म्हातारी उपाशी. हे सांगताना मला अजून कसंतरी होतं.

हौसा पास झाली. धुरपाची माफी कुणी मागितली, असं मात्र कुणीही म्हणत नाही. ती गेल्यावर वारा नसतानाही शाळेच्या वेळेला करंजाच्या फांद्या हलायच्या, असं म्हणतात. म्हणू देत. मेलेल्या म्हातारीचं कौतुक करायला काही लागत नाही.

आजही शाळा उघडण्याच्या दिवशी करंजाखाली आंबील शिजते. ती पोरांच्या आधी मोठ्यांनी प्यायची, असा रिवाज आहे. पिताना जो तो सांगतो, आमच्या आजीला धुरपाचा संशय कधीच आला नव्हता. मग झोळ्या सोडल्या कुणी?

पहिला घोट दरवर्षी मी घेते. आवडाबाई माझी पणजी.