रंग न लावलेले पाणी

एकदा एक वृद्ध चित्रकार होता. ताकाहून कडक असे काही त्याच्या ओठांना आयुष्यात शिवले नव्हते, आणि काम मात्र बिअरच्या कॅनवर चित्रे काढण्याचे. वाचकहो, लगेच कपाळाला आठ्या घालू नका. आत काय भरायचे ते भरणारा जाणे. आपली गोष्ट बाहेरच्या पत्र्याची आहे, आणि तो बिचारा सोवळाही नसतो नि ओवळाही नसतो.

सगळे त्याला तात्या म्हणत. तरुणपणी भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून त्याने वीस वर्षे कळश्यांवर आणि ताटांवर नावे घातली होती. पुढे तो रंगांकडे वळला. शहराभोवतीच्या छोट्या कारखान्यांतून नाना चवींची बिअर निघू लागली, तसे हे कारखानदार चित्रासाठी त्याच्या दारी येऊ लागले. त्याच्या चित्रांचे रिकामे कॅन लोक फेकून देत नसत, खिडकीत मांडून ठेवत. ज्या वस्तूचे आयुष्य एका संध्याकाळचे, तिच्यावर इतका जीव ओतणारा माणूस मला तरी थोर वाटतो.

त्याच्याकडे चारुता नावाची शिष्या होती. धरणाच्या फुगवट्याकाठी राहणाऱ्या मासेमाराची ही मुलगी. तिला धाडताना बापाने बजावले होते, "एक वरीस देतो. तुझ्या हातचं एक तरी काम दाखव. न्हाय जमलं, तर गुमान घरी यायचं." वर्ष सरायला जेमतेम पंधरवडा उरला असताना एक व्यापारी थंडीतल्या नव्या बिअरसाठी चित्र मागायला आला. तात्याने चारुताकडे बोट दाखवले. "या खेपेला ही काढेल."

चारुताने लहानपणापासून पाहिलेले चित्र काढायला घेतले: पहाटेचे पाणी आणि त्यात एका पायावर उभे असलेले रोहित पक्षी. पक्षी दोन दिवसांत उतरले. पाणी मात्र काही केल्या हाताला लागेना. तिने निळ्यावर निळा चढवला, त्यावर करडा, वर पुसट गुलाबी. दहाव्या दिवशी पाणी इतके खोल दिसू लागले की तिचे तिलाच भरून आले. आता वडील काय बोलतात तेच बघते, असे ती मनाशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्यासमोर तिने कागद उलगडला. "वा!" व्यापारी म्हणाला. तात्या मात्र कागदाजवळ सरकून बसला. मग त्याने वाटीभर पाणी घेतले, कापूस भिजवला आणि चित्रातले पाणी पुसायला सुरुवात केली.

"तात्या!" चारुता किंचाळलीच.

तात्याने मान वर केली नाही. एकेका पक्ष्याच्या काडीसारख्या पायाला धक्का न लावता, आईने लेकराचे डोळे पुसावेत तसा तो तासभर रंग टिपत राहिला. दहा दिवसांचे पाणी वाटीत उतरले. कागदावर उरले ते नुसते पक्षी. कॅनवर रंग उठून दिसावेत म्हणून छापणारे पत्र्यावर आधी पांढरा थर देतात. पुसलेल्या जागेत तात्याने पेन्सिलीने लिहिले, 'इथे काहीही छापू नये. पांढरा थरही नको.'

"पण तात्या, चित्र अर्धंच राहिलं की," व्यापारी चाचरत म्हणाला.

"उरलेलं अर्धं तुमच्याकडे तयार आहे, शेठ. एक नमुना काढा, आणि मग बोला."

चारुता त्या दिवशी जेवली नाही. म्हाताऱ्याची बुद्धी चळली, असे तिला वाटले. नाही तर आपले चित्र पाहून त्याच्या पोटात दुखत असेल, हा तर त्याहून वाईट विचार. नवे चित्र काढायला आता दिवसही उरले नव्हते. 'न्यायला या' असा तिने वडिलांना निरोप धाडला आणि पिशवी भरून ठेवली.

ज्या सकाळी वडील आले, त्याच सकाळी व्यापारीही नमुन्याचा रिकामा कॅन घेऊन आला. खोलीतल्या मंद उजेडात तो पाहून चारुताचे तोंड उतरले. पक्षी होते, पण त्यांच्या पायाशी नुसता राखाडी पत्रा. तात्याने कॅन तिच्या हातात दिला आणि तिला अंगणात उन्हात नेले.

"आता फिरव. हळू."

तिने कॅन फिरवला. पत्र्यावरून उजेड सरकला, आणि पक्ष्यांच्या पायांखालचे पाणी हलले! खरोखर हलले. ढग आला तसे ते काळवंडले, ढग सरला तसे लखलखले. अंगणातला कडुनिंब त्यात उलटा उतरला होता. वाकून पाहिले तर तिचे स्वतःचे डोळेही त्या पाण्यात तरंगत होते. हे आपल्या हातून झाले? व्यापारी तर डोक्यावरची टोपी काढून उभा होता.

"पोरी," तात्या म्हणाला, "नवा होतो तेव्हा एका बाईंच्या लेकीच्या लग्नाची कळशी मी वेलबुट्टीने मढवून काढली होती. मोठ्या तोऱ्यात पुढे केली. बाई म्हणाल्या, 'नाव सुरेख आहे हो, पण आता हिच्यात तोंड दिसेना.' ते वाक्य मी जन्मभर जपलं. तुझं पाणी खोटं नव्हतं, पण ते एकाच पहाटेचं होतं. पत्र्यात मुळातच पाणी असतं, आणि ज्याच्या हाती जाईल त्याचं आभाळ त्यात उतरतं. तू ते झाकत होतीस. कुठे रंग लावायचा ते हात शिकतो. कुठे लावायचा नाही, ते शिकायला वस्तूपुढे नमावं लागतं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू माझं ऐकलं असतंस. आता पाहिलंस."

चारुता खाली वाकली आणि तिने त्याच्या पायांना हात लावला.

तिचे वडील इतका वेळ दाराशी अवघडून उभे होते. दारूच्या डब्याला हात लावावा की नाही, याच विचारात असावेत. अखेर त्यांनी तो घेतला. चित्र कसे बघतात हे त्यांना ठाऊक नव्हते, पाणी कसे बघतात हे मात्र ठाऊक होते. पहाटे होडी सोडण्याआधी बघतात तसे डोळे बारीक करून त्यांनी तो कॅन उन्हात तिरका धरला, थोडा इकडे, थोडा तिकडे.

"मावळतीचं वारं सुटलंय," ते हलकेच म्हणाले. "आज होडी काढाया नको."

मग त्यांनी तो कॅन आपल्या पंच्यात जपून गुंडाळला. "हिच्या आयेला दावतो," असे तात्याला सांगितले, लेकीच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, आणि दुपारच्या एस.टी.ने ते एकटेच गावी परतले.