सुभेदारांची लढाई, ‘मी’ वगळून

“…पण बाबा, ज्यानं मरणाला पाठ दाखवली नाही, त्यानं आणखी शिकायचं ते काय?”

सुभेदार हिंदुराव जगदाळे छाती काढून बसले होते. छातीवर शौर्याचं पदक होतं. टेकडीवरच्या मठात ते गुरुमंत्र घ्यायला आले होते; गावात आपल्या तोडीचं कुणी उरलं नाही, असं त्यांचं मत होतं.

भैरूबाबा पावट्याच्या शेंगा सोलत होते. म्हणाले, लढाईचं सांग.

सुभेदारांना तेवढंच हवं होतं. ही लढाई ते दर झेंडावंदनाला शाळेत सांगत, आणि दर वर्षी शत्रू थोडे वाढत. आज बाबांसाठी त्यांनी एक रणगाडाही घातला. मी गरजलो, मी चढलो, मी एकट्यानं चौकी घेतली…

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग मूठभर शेंगा त्यांच्यापुढं सारल्या.

“आता हेच पुन्हा सांग. ‘मी’ सोडून.”

त्यात काय अवघड, असं सुभेदारांना वाटलं. “उठलो, आणि…”

बाबांनी बोट वर केलं. ‘उठलो’मध्येही ‘मी’ होताच.

“डोंगर होता,” सुभेदार सावकाश म्हणाले. “धुकं होतं… तोफा चालू होत्या…”

पुढं गाडी अडली. त्यांनी दोन शेंगा सोलल्या. मिशीला पीळ दिला. लढाईत फुटला नसेल एवढा घाम फुटला.

“एक खेचर होतं,” ते अखेर म्हणाले.

खेचराचं त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता मात्र त्याच्याशिवाय गोष्ट हलेना. मैना तिचं नाव. पाठीवर काडतुसांच्या पेट्या. जवळच तोफगोळा फुटला, तशी बाकीच्यांनी आपापल्या खेचरांचे दोर टाकून खडकाआड उड्या घेतल्या. मैना बिथरली, ती सरळ शत्रूच्या चौकीकडंच उधळली. पेट्यांचा खडखडाट असा, की धुक्यातून अख्खी पलटण चालून येतेय असं समजून चौकीतले पळाले. मागून आपली माणसं पोचली तेव्हा मैना तिथल्या पोत्यातले हरभरे खात उभी होती.

बाबा इतके हसले की मांडीवरच्या शेंगा सांडल्या.

सुभेदारांनाही हसू आवरेना. हसता हसता ते थांबले. पदक काढून त्यांनी टरफलांशेजारी ठेवलं.



“बाबा, मग त्यात मी काय केलं?”

“मैनेचा दोर कुणाच्या हातात होता?”

“माझ्या.”

बाबांनी पदक उचललं, धोतराला पुसलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं.

“सोडला नाहीस.”