धामणीचे दोन उंदीर

साप शेजाऱ्यापाजाऱ्यांशी सुखदुःख बोलत, त्या काळातली ही गोष्ट. माघातल्या एका सकाळी धामणीने बांधावर उंदीर गिळला. पोटातलं पचायला सापाला उन्हाची ऊब लागते, म्हणून ती बिळाबाहेरच्या खडकावर पसरली. तोच दुसरा उंदीर समोर आला. आयता माल कोण सोडतो? तिने तोही गिळला.

थोड्या वेळाने आभाळ भरलं आणि खडक गार पडला. पोटातले दोन्ही उंदीर जसेच्या तसे राहिले. अशात बांधापलीकडे मुंगूस दिसलं. धामण बिळाकडे धावली. डोकं आत गेलं, पण पोट दारातच अडकलं. तिने डोकं बाहेर काढून शेजारच्या कासवाला विचारलं, "काका, मुंगूस येतंय हो. काय करू?"

"एक उंदीर ओकून टाक."

"माझा घास आहे तो. गिळलाय मी."

"गिळलास गं बाई, पण अंगी कुठे लागलाय? रक्तात उतरेल तेव्हा तुझा. तोवर नुसतं ओझं."

धामणीने एक उंदीर ओकला आणि ती कशीबशी आत शिरली. मुंगसाने तो दारातच चावून खाल्ला.

"बाई," ते तोंड पुसत म्हणालं, "शिरताना पोटात अजून एक दिसला. त्याच्यासाठी उन्हात तर येशीलच. मी बसतो इथे."

आत गारवा होता. पोटातला उंदीर दगडासारखा जड झाला होता, तसाच राहिला तर सडणार होता.  धामणीने दाराकडे तोंड केलं आणि तोही ओकून दिला.